टेक-ऑफ करताच ड्रोन पालथा होतो? पीआयडीला हात लावण्याआधी हे तपासा

घरी जोडलेल्या क्वाडकॉप्टरची ही नेहमीची तक्रार आहे. ड्रोन आर्म होतो (म्हणजे मोटर सुरू होण्यास मोकळ्या होतात), चारही मोटर फिरतात, थ्रॉटल जरा वर नेला की तो जमिनीवरून जेमतेम सुटतो आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत पालथा पडतो. सरळ करून ठेवला की पुन्हा तेच. मग पीआयडीचे, म्हणजे तोल सावरताना किती जोर लावायचा हे ठरवणारे, आकडे खालीवर करून बघितले जातात, कल मोजणारा ॲक्सेलरोमीटर पुन्हा कॅलिब्रेट होतो, फर्मवेअर बदललं जातं, आणि प्रत्येक प्रयोगात एखाददुसरा प्रोपेलर मोडतो.

पीआयडी चुकलेला ड्रोन थरथरतो, हेलकावे खातो, त्याच्या मोटर तापतात. पण तो उडतो. बीटाफ्लाइट या फर्मवेअरच्या अलीकडच्या कोणत्याही आवृत्तीतले मूळ आकडे पाच इंची फ्रेमला न छेडता हवेत उचलायला पुरेसे आहेत. ड्रोन अर्ध्या सेकंदात उलटतो तेव्हा त्याच्यावरचा कंट्रोलर बोर्ड सुधारणा करतोच आहे, फक्त ती चुकीच्या कोपऱ्यावर करतो आहे.

हे कसं होतं ते एकदा नीट समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं जातं. समजा ड्रोनची उजवी बाजू किंचित खाली गेली. जायरोने (हालचाल मोजणाऱ्या सेन्सरने) ते पकडलं, कंट्रोलरने उजव्या दोन मोटरचा वेग वाढवला, डाव्या दोघींचा कमी केला आणि ड्रोन सरळ झाला. आता समजा त्याने ज्या आउटपुटना ‘उजव्या’ मानलं, त्यांच्या तारा प्रत्यक्षात डाव्या मोटरना गेल्या आहेत. उजवी बाजू खाली गेली की डावी बाजू वर उचलली जाते, म्हणजे कल आणखी वाढतो. कंट्रोलरला वाटतं आपला जोर कमी पडला, म्हणून तो आणखी जोर लावतो. हे चक्र सेकंदाला हजारो वेळा फिरतं. एका अंशाचा कलही मग पुरे होतो, आणि तुमचं बोट थ्रॉटल खाली आणेपर्यंत सगळं आटोपलेलं असतं.

म्हणजे चार गोष्टींचं एकमत हवं: कोणती मोटर कोणत्या कोपऱ्यात आहे, ती कोणत्या दिशेने फिरते, तिच्यावर कोणत्या हाताचा (डावा की उजवा) प्रोपेलर आहे, आणि ड्रोनचं नाक कुठे आहे असं जायरोला वाटतं. या चारांत कुठेही मतभेद असला की कोलांटी किंवा गिरकी ठरलेली.

कोलांटीचा प्रकार आधी ओळखा

बहुतेक जण इथे घाई करतात. ड्रोन ‘उलटतो’ एवढंच सांगून काही कळत नाही. कुठे उलटतो, कसा उलटतो, हेच तर निदान आहे. फोनवर स्लो-मोशन व्हिडिओ घ्या. ड्रोनच्या नाकाला रंगीत टेप लावा, नाहीतर व्हिडिओत पुढचं-मागचं ओळखू येत नाही. फोन स्टँडवर ठेवा आणि स्वतः लांब उभे राहा.

दर वेळी एकाच कोपऱ्याकडे झुकून उलटत असेल, तर त्या कोपऱ्याला उचल मिळत नाही. मोटरचा क्रम बहुधा बरोबर असतो. प्रोपेलर, नट, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) किंवा सोल्डर यांच्यात काहीतरी असतं. कधी डावीकडे, कधी उजवीकडे उलटतो पण पुढे-मागे जात नाही, अशा वेळी रोलची (डावी-उजवीकडे कलण्याची) सुधारणा उलटी होते आहे. याचा अर्थ डाव्या-उजव्या मोटरची अदलाबदल झाली आहे. कधी पुढे, कधी मागे उलटत असेल तर तीच गोष्ट पुढच्या-मागच्या मोटरची. कोणत्याही दिशेला, दर वेळी वेगळ्याच बाजूला आणि जोरात आपटत असेल, तर रोल आणि पिच (पुढे-मागे कलणं) दोन्ही उलटे आहेत; कंट्रोलर बोर्ड १८० अंशांनी फिरवून बसवला आहे आणि सॉफ्टवेअरला ते सांगितलेलं नाही, असा पहिला संशय घ्यावा.

फक्त एका कर्णावर, कधी या टोकाकडे कधी त्या टोकाकडे कोसळत असेल, तर त्याच कर्णावरच्या दोन मोटर एकमेकींच्या जागी जोडल्या गेल्या आहेत. दुसरा कर्ण नीट काम करतो, म्हणून कोसळणं त्या एकाच रेषेवर होतं.

सगळ्यात गोंधळात टाकणारा प्रकार म्हणजे गिरकी घेत पुढे किंवा मागे उलटणं. एकाच बाजूच्या दोन मोटर, समजा उजवी पुढची आणि उजवी मागची, एकमेकींशी बदलल्या गेल्या की असं होतं. कंट्रोलरने नाक वर-खाली करायला दिलेला आदेश प्रत्यक्षात एका कर्णाचा वेग वाढवतो, म्हणजे ड्रोन स्वतःभोवती फिरतो. आणि गिरकी थांबवायला दिलेला आदेश नाक वर-खाली करतो. पिच आणि यॉ (स्वतःभोवती फिरणं) एकमेकांत मिसळून जातात. बोर्ड ९० अंशांनी फिरलेला असेल तर रोल आणि पिच असेच एकमेकांत मिसळतात, आणि ड्रोन गोल गोल झुकत कोसळतो.

मात्र ड्रोन सरळ वर उठला, आडवा राहिला आणि मग भोवऱ्यासारखा वेगाने फिरू लागला, तर रोल-पिच ठीक आहेत आणि यॉ उलटा आहे. हा प्रकार सगळ्यात सोपा, त्याच्याबद्दल पुढे.

प्रोपेलर काढा, मग बॅटरी लावा

इथून पुढचं सगळं प्रोपेलर काढून. ‘फक्त एक मिनिटाचं काम आहे’ म्हणत प्रोपेलर ठेवून मोटर फिरवणाऱ्यांच्या बोटांवरचे टाके बघितले की हे पुन्हा सांगावंसं वाटतं. यूएसबीच्या वीजपुरवठ्यावर मोटर फिरत नाहीत, बॅटरी लावावीच लागते, आणि बॅटरी लावलेला ड्रोन म्हणजे भरलेलं हत्यार समजावं. नवीन सोल्डरिंग केलं असेल तर पहिल्यांदा बॅटरी लावताना मध्ये एक जुना बल्ब किंवा करंट मर्यादित करणारा स्मोक-स्टॉपर जोडा. शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटेल आणि ईएससी वाचेल.

आता मोटरचा क्रम. फर्मवेअर बदललं की क्रम बदलतो, आणि निम्मा गोंधळ इथेच जन्माला येतो. ड्रोनकडे वरून बघा, नाक तुमच्यापासून लांब ठेवा.

बीटाफ्लाइट आणि आयनॅव्ह: १ उजवी मागची, २ उजवी पुढची, ३ डावी मागची, ४ डावी पुढची. जुन्या मल्टीवी बोर्डांचा क्रमही हाच होता, तिथूनच तो पुढे आला.

आर्डुपायलट आणि पीएक्स४ यांच्या क्वाड-एक्स रचनेत: १ उजवी पुढची, २ डावी मागची, ३ डावी पुढची, ४ उजवी मागची.

केके२ बोर्ड: १ डावी पुढची, मग घड्याळाच्या दिशेने २ उजवी पुढची, ३ उजवी मागची, ४ डावी मागची.

एखादा एफ-४५० फ्रेमचा ड्रोन आधी केके२ वर उडत होता, नंतर त्यावर पिक्सहॉक (आर्डुपायलट किंवा पीएक्स४ चालवणारा बोर्ड) बसवला आणि तारा होत्या त्याच क्रमाने १, २, ३, ४ लावल्या, तर तो कोसळणारच. त्यात तारा लावणाऱ्याचा निष्काळजीपणा नसतो. दोन बोर्डांची भाषाच वेगळी आहे.

बीटाफ्लाइटच्या कॉन्फिगरेटरमध्ये, म्हणजे संगणकावरच्या सेटिंगच्या ॲपमध्ये, मोटर टॅबवर एकेक स्लायडर थोडासा वर करून कोणती मोटर फिरते ते बघा. आर्डुपायलटसाठी मिशन प्लॅनरमध्ये मोटर टेस्ट आहे, पण तिथे एक खोच आहे. तिथली बटणं ए, बी, सी, डी अशी आहेत आणि ती आउटपुटचा क्रमांक सांगत नाहीत. ए म्हणजे उजवी पुढची, आणि तिथून घड्याळाच्या दिशेने बी, सी, डी. त्यामुळे बी दाबल्यावर उजवी मागची फिरली पाहिजे, जी आउटपुट क्रमांक ४ वर असते. बी म्हणजे २ असं धरून चांगल्या तारा उपटून चुकीच्या लावणारे पुष्कळ आहेत.

क्रम चुकला असेल तर लगेच सोल्डरिंगची बंदूक हातात घेऊ नका. बीटाफ्लाइटच्या ४.३ आणि पुढच्या आवृत्त्यांत कॉन्फिगरेटरमध्येच मोटरचा क्रम पुन्हा लावण्याची सोय आहे: एकेक मोटर फिरते, तुम्ही चित्रातल्या त्या कोपऱ्यावर क्लिक करायचं. फोर-इन-वन ईएससी (चारही ईएससी एकाच बोर्डवर) वापरणाऱ्यांना याची गरज हमखास पडते. बॅटरीची तार मागच्या बाजूने निघावी म्हणून तो बोर्ड ९० किंवा १८० अंशांनी फिरवून बसवतात, आणि चारही आउटपुट नव्या कोपऱ्यांवर जातात. शिवाय फोर-इन-वन आणि कंट्रोलर यांच्यामधल्या केबलचा पिनक्रम प्रत्येक उत्पादकाचा वेगळा असू शकतो. प्लग बसला म्हणजे क्रम जुळला असं नाही. मोटरचा सिग्नल बदलला तर निदान कोलांटीवर भागतं, पण बॅटरीच्या व्होल्टेजची पिन चुकीच्या जागी गेली तर कंट्रोलर जळतो. दोन्हीकडचे नकाशे शेजारी ठेवून मगच केबल लावा.

फिरण्याची दिशा

प्रत्येक मोटर आपल्या प्रोपेलरला एका दिशेने फिरवते तेव्हा फ्रेमला उलट दिशेने ढकलते. म्हणून चारपैकी दोन घड्याळाच्या दिशेने आणि दोन विरुद्ध फिरतात, आणि एका कर्णावरच्या दोघींची दिशा सारखी असते. बीटाफ्लाइटच्या मूळ मांडणीत डावी पुढची आणि उजवी मागची घड्याळाच्या दिशेने, उरलेल्या दोन विरुद्ध. आर्डुपायलटमध्येही प्रत्येक कोपऱ्याची दिशा हीच, फक्त क्रमांक वेगळे.

दिशा डोळ्यांनी बघून ठरवू नका. वेगात फिरणारी मोटर डोळ्यांना फसवते. कागदाची पातळ पट्टी मोटरच्या कडेला अलगद टेकवा, ती ज्या बाजूला ओढली जाईल ती दिशा.

ब्रशलेस मोटरच्या तीन तारांपैकी कोणत्याही दोन बदलल्या की दिशा उलटते. डी-शॉट (ईएससीला आदेश देण्याची डिजिटल पद्धत) चालणारा ईएससी असेल तर तेवढंही करायला नको, सॉफ्टवेअरमधून दिशा बदलता येते. पण हे लक्षात असू द्या: ती दिशा ईएससीच्या स्वतःच्या मेमरीत साठते, फ्लाइट कंट्रोलरमध्ये नाही. याचा त्रास पुढे कधी होतो, ते शेवटच्या भागात येईल.

पाच इंची रेसिंग ड्रोनवाले बऱ्याचदा चारही दिशा मुद्दाम उलट ठेवतात, म्हणजे पुढचे प्रोपेलर बाहेरच्या बाजूला वारा फेकतात आणि कॅमेऱ्यावर गवत-माती कमी उडते. त्यात गैर काहीच नाही. पण मग कॉन्फिगरेटरमध्ये ‘मोटरची दिशा उलटी आहे’ हा पर्याय चालू करायलाच हवा. तो राहिला की वर सांगितलेला भोवरा तयार होतो. रोल-पिचला दिशेशी काही देणंघेणं नसतं, ते फक्त उचल बघतात. यॉ मात्र पूर्णपणे फिरण्याच्या दिशेवरच चालतो. म्हणून चारही दिशा उलट्या असल्या की ड्रोन छान सरळ उठतो आणि मग गरगरायला लागतो.

चारपैकी एकच मोटर उलटी असेल आणि तिच्यावर तिच्या दिशेला जुळणारा प्रोपेलर चढवला, तर उचल चारही कोपऱ्यांना मिळते, पण तीन एका दिशेने आणि एक दुसऱ्या दिशेने अशी स्थिती होते. असा ड्रोन जमीन सोडली की फिरतच राहतो, आणि कितीही ट्रिम केला तरी थांबत नाही, कारण आडवा राहून यॉ शून्य करणारी वेगाची जुळणीच अस्तित्वात नसते.

प्रोपेलर: उलटा आणि चुकीचा यांत फरक आहे

या दोन चुका एकच समजल्या जातात. प्रोपेलरला हात असतो, डावा आणि उजवा, म्हणजे तो कोणत्या दिशेने फिरल्यावर उचल देतो ते. चुकीच्या हाताचा प्रोपेलर लावला तर तो हवा वर फेकतो आणि त्या कोपऱ्याला खाली दाबतो. हाच प्रोपेलर काढून पालथा लावला तरी तो हवा वरच फेकतो! पालथा केल्याने हात बदलत नाही, फक्त पात्याचा बाक उलटा होतो. तसंच, योग्य हाताचा प्रोपेलर पालथा लावला तर तो हवा खालीच ढकलतो, पण कमी. त्या कोपऱ्याला अपुरी उचल मिळते आणि ड्रोन त्या बाजूला कलंडतो.

ओळखायची खूण अशी: वरून बघताना प्रत्येक पात्याची एक कड वर आणि एक खाली असते. वरची कड फिरण्याच्या दिशेला पुढे असली पाहिजे. आकडे आणि कंपनीचा छाप वरच्या बाजूला. चारही मोटरवर ही खूण एकेक करून तपासा, ‘बघितलं मी’ म्हणून सोडू नका. चारातले दोन प्रोपेलर आपापसांत बदललेले सापडणं अगदी रोजचं आहे.

नट पण बघा. २२१२ सारख्या मोटरवर कोलेट पद्धतीचा अडॅप्टर असतो, आणि तो नीट आवळलेला नसला की हातात घट्ट वाटणारा प्रोपेलर वेग वाढल्यावर घसरतो. मोटर जोरात फिरते, पात्याला तेवढा वेग मिळत नाही, आणि ड्रोन त्या कोपऱ्याकडे जातो. मोटर हाताने धरून प्रोपेलर फिरवून पाहिलं की कळतं.

नाक कुठे आहे, हे जायरोला विचारा

कंट्रोलर बोर्डवर एक बाण छापलेला असतो. तो नाकाकडे असेल तर काम संपलं. पण यूएसबीचं तोंड बाजूला हवं, किंवा तारांना जागा हवी, म्हणून बोर्ड बऱ्याचदा फिरवून बसवतात. मग बोर्डची दिशा सॉफ्टवेअरला सांगावी लागते.

तपासणी अशी. ड्रोन टेबलावर ठेवा, नाक तुमच्यापासून लांब, स्क्रीनकडे. कॉन्फिगरेटरमधल्या पहिल्या पानावरचं ड्रोनचं चित्र सरळ करून घ्या. आता ड्रोन उजवीकडे कलवा, चित्र उजवीकडे कललं पाहिजे. नाक खाली करा, चित्रातलं नाकही खाली गेलं पाहिजे. ड्रोन टेबलावर सपाट ठेवून घड्याळाच्या दिशेने फिरवा, चित्रही तसंच फिरलं पाहिजे. तिन्ही हालचाली करा. बोर्ड उलटा, म्हणजे चिप खाली करून बसवलेला असेल तर रोल बरोबर दिसतो आणि पिच-यॉ उलटे दिसतात. एकच हालचाल करून समाधान मानलं तर हे सुटतं.

जाता जाता रिसीव्हर टॅबही बघा. थ्रॉटलची काठी हलवल्यावर थ्रॉटलचीच पट्टी हलते ना? चॅनेलचा क्रम चुकलेला असेल तर थ्रॉटल वाढवताना खरं तर तुम्ही रोलचा आदेश देत असता, आणि ड्रोन आज्ञाधारकपणे उलटतो. काठ्या मध्यावर असताना आकडे १५०० च्या आसपास असावेत. पिचची काठी पुढे केली की बीटाफ्लाइटमध्ये आकडा वाढतो, आर्डुपायलटमध्ये कमी होतो. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहे, त्याला दुरुस्त करायला जाऊ नका.

हातातली परीक्षा

वरचं सगळं जुळलं तरी खात्रीची परीक्षा एकच. प्रोपेलर काढलेले, अँगल मोड (ड्रोन स्वतःहून आडवा राहतो तो) चालू, यूएसबी काढलेली (कॉन्फिगरेटर जोडलेला असताना बीटाफ्लाइट एरवी आर्म होऊ देत नाही). प्रत्येक मोटरच्या बाहेरच्या फिरत्या भागाला मास्किंग टेपचा लहानसा झेंडा चिकटवा, म्हणजे वेग आवाजावरून कळेल. ड्रोन हातात घट्ट धरा, दुसऱ्या कुणाला आर्म करून थोडा थ्रॉटल द्यायला सांगा, आणि ड्रोन उजवीकडे कलवा. उजव्या दोन मोटरचा आवाज वाढला पाहिजे. पुढे कलवा, पुढच्या दोन वाढल्या पाहिजेत. नियम एवढाच: जी बाजू खाली जाते ती ओरडते. खाली गेलेली बाजू गप्प राहिली आणि वरची ओरडली, तर प्रोपेलर लावायचेच नाहीत.

यात एक गोष्ट नवख्यांना घाबरवते. प्रोपेलर नसताना, ड्रोन जागेवर असताना मोटरचा वेग आपोआप वाढत जातो, कधी एकच मोटर पूर्ण वेगाला जाते. हा बिघाड नाही. कंट्रोलर सुधारणा करतो, प्रोपेलर नसल्याने ड्रोन हलत नाही, म्हणून पीआयडीतला ‘आय’ (न सुधारलेल्या चुकीची बेरीज ठेवणारा भाग) साचत जातो आणि तो आणखी जोर लावतो. त्यामुळे परीक्षा झटपट करा, कलवल्या कलवल्या पहिल्या क्षणी काय होतं तेवढंच ऐका, डिसआर्म करा, पुन्हा आर्म करा.

बीटाफ्लाइटमध्ये ३.३ आवृत्तीपासून रनअवे टेक-ऑफ प्रतिबंध आहे. ड्रोन बेताल होतोय असं दिसलं की तो मोटर बंद करतो आणि आर्मिंग अडवून ठेवतो. ‘टेक-ऑफ करताना आपोआप डिसआर्म होतो’ अशी तक्रार याच्यामुळे येते, आणि त्यावर हा प्रतिबंध बंद करा असा सल्ला सर्रास मिळतो. तो सल्ला मानू नका. तो प्रतिबंध तुमचे प्रोपेलर वाचवतोय आणि वर सांगितलेल्या चारपैकी काहीतरी चुकलं आहे एवढंच सांगतोय.

उडतो नीट, पण जोर दिला की एकाच कोपऱ्यावर पडतो

हा वेगळा आजार आहे आणि तो चार गोष्टींच्या यादीत बसत नाही. इथे ईएससी आणि मोटर यांचा ताल तुटतो, त्याला डीसिंक म्हणतात. अचानक थ्रॉटल दिला की एका मोटरमधून चिरका आवाज येतो, ती क्षणभर अडखळते आणि ड्रोन तिच्या बाजूला कोलमडतो.

पहिला संशयित: मोटर बसवण्याचे स्क्रू. जास्त लांब स्क्रू आतल्या वाइंडिंगला टेकतो. मल्टीमीटर कंटिन्युइटीवर ठेवून एक टोक स्क्रूला आणि दुसरं मोटरच्या एकेका तारेला लावा. बीप आला की ती मोटर बाद, किंवा नशीब असेल तर स्क्रू बदलून वाचेल. मग मोटरच्या तिन्ही तारांचं सोल्डर आणि बुलेट कनेक्टर बघा. फिकट, दाणेदार दिसणारा जोड पुन्हा गरम करा. बॅटरीच्या टोकांवर लो-ईएसआर (कमी अंतर्गत रोधाचा) कपॅसिटर नसेल तर लावा.

तरीही नेमकं कळत नसेल तर संशयित मोटर दुसऱ्या कोपऱ्यातल्या ईएससीला जोडून बघा. आजार मोटरबरोबर गेला तर मोटर, तिथेच राहिला तर ईएससी. ब्लॅकबॉक्स (उड्डाणाची नोंद) असेल तर हे आणखी लवकर कळतं: एका मोटरला १०० टक्के आदेश गेला आहे आणि तरी जायरो त्याच कोपऱ्याकडे कलत चालला आहे, असं दिसलं की तो कोपरा उचलच देत नाही हे पक्कं.

जुन्या पीडब्ल्यूएम (पल्सच्या लांबीवरून वेग ठरवणाऱ्या) ईएससीवर थ्रॉटलची मर्यादा कॅलिब्रेट केलेली नसेल तर चार मोटर वेगवेगळ्या क्षणी सुरू होतात आणि सगळ्यात उशिरा उठणाऱ्या कोपऱ्याकडे ड्रोन झुकतो. डी-शॉटला हे कॅलिब्रेशन लागत नाही.

दुरुस्त झाला होता, पुन्हा का उलटतो

पुन्हा पुन्हा येणाऱ्या कोलांटीचं कारण बहुधा मागच्या दुरुस्तीतच दडलेलं असतं. दोन चुका एकमेकींना झाकतात. उदाहरणार्थ, बोर्ड १८० अंशांनी फिरलेला आहे, दुरुस्त करताना बोर्डची दिशा न सांगता मोटरचा क्रमच उलटा लावला, आणि नाक मागे गेल्यासारखं उडू लागलं म्हणून रेडिओवर रोल आणि पिचचे चॅनेल उलटे केले. ड्रोन उडतो. पण आता त्याचा प्रत्येक भाग चुकीचा आहे आणि सगळं मिळून बरोबर. त्यातलं एक काही बदललं, जीपीएस-कंपास बसवला, दुसरा रेडिओ घेतला, फर्मवेअर चढवलं, की डोलारा कोसळतो. म्हणून माझं मत पक्कं आहे: आधी बोर्डची दिशा बरोबर करा, मग क्रम, मग फिरण्याची दिशा, मग प्रोपेलर, आणि शेवटी रेडिओ. एका चुकीची भरपाई दुसऱ्या ठिकाणी करू नका, मग ती कितीही सोपी दिसो.

फर्मवेअर बदलताना जुनी सेटिंग्ज पुसली जातात: बोर्डची दिशा, मोटरचा बदललेला क्रम, ‘दिशा उलटी’ हा पर्याय. चढवण्याआधी सीएलआयमधून (कॉन्फिगरेटरच्या आज्ञा लिहायच्या खिडकीतून) ‘डिफ ऑल’चा, म्हणजे बदललेल्या सेटिंग्जचा, मजकूर फाइलमध्ये जतन करा. ईएससी बदलला की नव्या ईएससीत दिशा मूळचीच असते, कारण जुनी दिशा जुन्याच्या मेमरीत गेली. मोटर बदलली आणि तीन तारा वेगळ्या क्रमाने सोल्डर झाल्या की तिची दिशा उलटू शकते. एवढंच नाही, अपघातानंतर घाईत प्रोपेलर बदलताना हातच चुकतो. यांपैकी काहीही केलं असेल तर हातातली परीक्षा पुन्हा करायची, मग ड्रोन आदल्या दिवशी कितीही सुरेख उडालेला असो.

आणि पहिलं उड्डाण गवतावर नको. स्किड किंवा पाय गवतात अडकले की एक बाजू जमिनीला धरून राहते, ड्रोन तिच्याभोवती कलंडतो आणि सगळं बरोबर असूनही कोलांटी होते. सपाट, कडक जमीन, वारा नाही, बॅटरी पूर्ण भरलेली, म्हणजे तीन सेलला १२.६ व्होल्ट. थ्रॉटल रेंगाळत वाढवू नका. जमिनीला घसटत राहिलेला ड्रोन आपला ‘आय’ साचवत बसतो. एका ठाम हालचालीने गुडघ्याएवढ्या उंचीवर न्या, तिथे दोन श्वास थांबवा, आणि खाली घ्या.